दुसऱ्या धावेत पाय साथ का सोडतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४१, गेली चार वर्षं नियमित धावणं, ५ किमीची आजवरची सर्वोत्तम वेळ २६ मिनिटं. सायकल आठवड्यातून एकदा, तीही रमतगमत. पहिलीवहिली ड्युएथलॉन नुकतीच झाली: ५ किमी धाव, २० किमी सायकल आणि पुन्हा २.५ किमी धाव. शेवटच्या अडीच किलोमीटरमध्ये पाय लाकडाचे झाले, दोनदा चालावं लागलं. पुढची स्पर्धा तीन महिन्यांवर आहे आणि सरावाला आठवड्याचे सहा तास मिळतात. 'धावणं ही माझी जमेची बाजू, मग नेमका तिथेच कसा ढेपाळलो? आता धावणं वाढवू, की नवी सायकल घेऊ?'

तुम्ही पाचही टप्प्यांच्या वेळा दिल्यात हे फार बरं केलंत. बहुतेक जण 'पाय गेले हो' एवढंच सांगतात आणि मग उत्तर देणाऱ्याला अंदाजानं पुडी बांधून द्यावी लागते. तुमच्या वेळा अशा: पहिली धाव २६:१०, पहिला बदल (धावेवरून सायकलवर जाणं) ४:००, सायकल ५१:००, दुसरा बदल (सायकलवरून पुन्हा धावेवर) ३:१०, दुसरी धाव १८:००. एकूण १ तास ४२ मिनिटं २० सेकंद.

आता पहिला आकडा पुन्हा बघा. ताज्या पायांनी, दुसरं काहीही करायचं नसताना तुम्ही ५ किमी २६ मिनिटांत धावता. आणि पुढे २० किमी सायकल आणि अडीच किमी धाव बाकी असताना तुम्ही तेच अंतर २६:१० मध्ये धावलात. म्हणजे आधी तुम्ही ५ किमीची एक अख्खी शर्यत जीव तोडून पूर्ण केलीत आणि मग ड्युएथलॉनला सुरुवात केलीत.

मी पंधरा वर्षं हौशी गटात या स्पर्धा करतोय आणि त्यातली शेवटची आठेक वर्षं नोकरी-संसार सांभाळून खेळणाऱ्यांचा सरावही घेतोय. दुसऱ्या धावेची तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा घोळ पहिल्या धावेत असतो. तुमचाही तिथेच आहे असं मला वाटतं. सायकल हा दुसरा घोळ, आणि बदलाच्या जागेत गेलेली सात मिनिटं हा तिसरा. नव्या सायकलीचा नंबर त्याच्या बराच मागे लागतो.

काही गोष्टी मला इथे बसून कळणार नाहीत, त्या आधीच सांगतो. तुमचा मार्ग सपाट होता की चढउताराचा, ऊन किती होतं, वारा कुठून होता, यावर सायकलची ५१ मिनिटं चांगली की वाईट हे ठरतं. स्थानिक स्पर्धांमध्ये अंतर नेहमी काटेकोर मोजलेलं असतंच असं नाही. २० म्हणून सांगितलेला टप्पा २१ किमी निघाल्याचं मी पाहिलंय. दुसऱ्याच्या मागे चिकटून सायकल चालवायला, म्हणजे ड्राफ्टिंगला, परवानगी होती की नाही यावर तर सगळी आखणीच बदलते. तेव्हा पुढचे आकडे दिशा म्हणून घ्या, दगडावरची रेघ म्हणून नको.

पहिली धाव

ट्रायथलॉनवाले आधी पोहतात. त्यात दंड-खांदे दमतात, पाय बऱ्यापैकी शाबूत राहतात. आपल्याकडे तीनही टप्पे पायांवरच. धावताना प्रत्येक पावलाला मांडीचा आणि पोटरीचा स्नायू ताणला जात असताना आकसून तुमचं वजन झेलतो. हे झेलणं वेगाबरोबर वाढतं आणि स्नायूला आतून मार देतं. सायकलवर असं झेलणं जवळजवळ नसतं, म्हणून सायकलच्या २० किमीत तो मार जाणवत नाही. तो भरून आलेलाही नसतो. पुन्हा जमिनीवर पाय पडला की त्याची थकबाकी एकदम पुढे येते.

दुसरी गोष्ट इंधनाची. दम लागायला लागतो त्या सीमेच्या वर गेलात की शरीर चरबी बाजूला ठेवून स्नायूंमधली साठवलेली साखर भराभर जाळायला लागतं. दीड तासाच्या स्पर्धेत साठा पूर्ण संपत नाही, पण पहिल्या २६ मिनिटांतच निम्मी तिजोरी उघडी टाकली की सायकलवर आणि नंतर हात आखडता घ्यावा लागतो.

तुमच्या घड्याळात पहिला किलोमीटर ४:४८ दिसतोय. तुमचा स्वतःचा सर्वोत्तम वेग किलोमीटरला ५:१२ आहे! हे का होतं ते मला माहीत आहे, कारण मीही ते केलंय. शिट्टी वाजते, पुढचे सुटतात, सगळा घोळका सुटतो आणि आपण मागे पडतोय या धास्तीनं पाय आपोआप उचलले जातात. पहिली दोन-तीन मिनिटं काही वाटतही नाही. दम लागतो तो त्यानंतर, तोवर किलोमीटर संपलेला असतो.

पुढच्या वेळी पहिली धाव २७:३० च्या आसपास, म्हणजे किलोमीटरला साधारण ५:३० नं करा. पहिला किलोमीटर त्याहूनही पाच-सात सेकंद हळू गेला तरी चालेल. मात्र पहिल्या काही शे मीटरमध्ये घड्याळाच्या वेगाच्या आकड्यावर विसंबू नका, गर्दीत आणि सुरुवातीला तो उड्या मारतो. श्वासावर जा. चार-पाच शब्दांचं वाक्य एका दमात बोलता आलं पाहिजे. मी शिकणाऱ्यांना पहिल्या किलोमीटरमध्ये शेजारच्याला खरोखर काहीतरी विचारायला सांगतो, 'किती वेळा केलीत ही स्पर्धा?' वगैरे. विचारता येत नसेल तर वेग जास्त आहे. शेजारचा उत्तर देऊ शकत नसेल तर तो थोड्या वेळानं तुम्हाला सायकलवर भेटणार आहे.

याला एक अपवाद आहे. ड्राफ्टिंगला परवानगी असेल तर पहिल्या धावेत आपल्यापेक्षा किंचित वेगवान टोळीबरोबर राहण्यात अर्थ असतो, कारण त्या टोळीच्या आडोशानं सायकलवर बरीच ताकद वाचते. आघाडीचे खेळाडू पहिली धाव जिवावर उदार होऊन धावतात त्याचं एक कारण हेच आहे. दूरदर्शनवर ते बघून आपण तसंच करायला जातो. पण हौशी गटात बहुतेक ठिकाणी ड्राफ्टिंगला मनाई असते. मग पहिल्या धावेत मिळवलेल्या २० सेकंदांचा उपयोग फक्त त्या २० सेकंदांपुरता, आणि त्याची किंमत पुढे मिनिटांमध्ये.

पल्ला वाढला की हे आणखी ठळक होतं. स्वित्झर्लंडमधल्या झोफिंगेनला १९८९ पासून होणारी पॉवरमॅन स्पर्धा ज्या स्वरूपासाठी प्रसिद्ध आहे त्यात १० किमी धाव, १५० किमी सायकल आणि मग ३० किमी धाव आहे. तिथे पहिल्या दहा किलोमीटरमध्ये मर्दुमकी गाजवायचं कुणाच्या मनातही येणार नाही. आपल्या ५-२०-२.५ मध्ये शेवटचा आकडा सगळ्यात लहान दिसतो म्हणून आपण फसतो.

सायकल: वेळ इथे दडलाय

तुमच्या एकूण वेळेतला जवळपास निम्मा वेळ सायकलवर गेलाय. ताशी साधारण साडेतेवीस किमी. चार वर्षं धावणाऱ्या माणसाचा दम यापेक्षा चांगला असतो, पण दम असून भागत नाही. सायकल मांड्यांच्या पुढच्या स्नायूंकडून आणि पुठ्ठ्यांकडून वेगळ्या पद्धतीनं काम मागते आणि ते काम तुमच्या पायांना सवयीचं नाही. म्हणून सायकलवर तुम्ही दमला नाहीत, पण पाय दमले. धावणाऱ्यांच्या बाबतीत ही अगदी ठरलेली गोष्ट आहे.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: धावणं वाढवू नका, आहे तेवढंच ठेवा. वाढवायची ती सायकल, सायकलची किंमत नव्हे. तीन महिन्यांत ५१ ची ४७ मिनिटं होणं, म्हणजे ताशी साडेपंचवीस, तुमच्या बाबतीत सहज शक्य वाटतं. शिवाय सायकलवरून उतरताना पाय आजच्यापेक्षा ताजे असतील.

नव्या सायकलीचं म्हणाल तर आधी आहे तिच्याकडे बघा. सीटची उंची तपासा: सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा, पॅडल सगळ्यात खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर त्या बाजूला कलता कामा नये. मग नेहमीसारखा चवडा पॅडलवर ठेवलात की गुडघ्यात हलकी वाक राहते. हौशी सायकलवाल्यांच्या सीट बहुधा खालीच असतात. सीट खाली म्हणजे प्रत्येक फेऱ्यात गुडघा जास्त दुमडतो, मांडी भाजून निघते आणि पुढच्या धावेत तीच मांडी लागते. एकदा एका बाईंची सीट मी तीन सेंटिमीटर वर घेतली. पुढच्या आठवड्यात त्या विचारत होत्या की रस्ता बदललाय का. (एकदम एवढी वर घेऊ नका, पाच-पाच मिलिमीटरनं घ्या. मी तेव्हा घाई केली आणि त्यांचा गुडघ्यामागचा स्नायू दोन दिवस कुरकुरत होता.)

चेन पुसून तेल द्या. टायरमध्ये हवा स्पर्धेच्या सकाळी बघा, पण टायरवर छापलेल्या कमाल आकड्यापर्यंत ठासू नका, वजनाला झेपेल इतकी पुरे. आणि फडफडणारा टी-शर्ट घालू नका. वाऱ्याचं गणित मोठं निर्दयी आहे: हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनात वाढते. ताशी २४ वरून ३० वर जायचं तर त्या कामाला जवळजवळ दुप्पट ताकद लागते. म्हणून हँडल खालून धरून, कोपरं आत घेऊन, डोकं थोडं खाली ठेवलं की फुकटात जे मिळतं ते महागड्या चाकांनीही सहजासहजी मिळत नाही. फक्त ती बैठक वीस किलोमीटर टिकवायची सवय हवी. पाठ आणि मान आधी तक्रार करतात.

याच गणितामुळे सायकलवर झटके देणं परवडत नाही. सपाटीवर मध्येच जोर लावून मिळतं थोडं आणि जातं फार. चढावर मात्र थोडा जास्त जोर लावणं फायद्याचं, कारण तिथे वेग कमी आणि वाऱ्याचा हिस्साही कमी. पण तेही बसून, हलक्या गिअरमध्ये. उभं राहून जड गिअर दामटण्याचा मोह दुसऱ्या धावेपर्यंत राखून ठेवा आणि तिथेही वापरू नका.

धावून आल्या आल्या नाडी चढलेली असते. पहिली पाच मिनिटं हलक्या गिअरमध्ये पाय फिरवा, दोन घोट पाणी घ्या, मग कामाला लागा. मिनिटाला पॅडलचे ८५-९० फेरे जमले तर उत्तम, ७० च्या खाली जाऊ नका. शेवटच्या एक-दीड किलोमीटरमध्ये पुन्हा एक गिअर हलका. इथे १५ सेकंद जातील, जाऊ द्या.

बदलाची जागा, म्हणजे ट्रान्झिशन

सात मिनिटं दहा सेकंद. हे वाचून मला माझी पहिली स्पर्धा आठवली. बुटांच्या नाड्यांना नेहमीच्या सवयीनं दुहेरी गाठ मारलेली. घामानं बोटं निसरडी, हृदय कानात वाजतंय आणि मी उकिडवा बसून त्या गाठीत नख घालतोय. शेजारचा आला, सायकल टांगली, गेला. दुसरा आला, गेला. शेवटी बूट तसाच टाचेनं ओरबाडून काढला. एवढं सगळं करून दुसऱ्या धावेला निघालो तेव्हा दोनतीनशे मीटर गेल्यावर रस्त्याकडेचा एक पोरगा ओरडला, 'काका, हेल्मेट!' ते डोक्यावरच होतं.

तेव्हापासून मी बदलाचा सराव घेतो, अगदी घराच्या दारात. तुम्हीही घ्या. सायकल भिंतीला टेकवा, हेल्मेट हँडलवर उलटं ठेवा, पट्टे दोन्ही बाजूंना मोकळे. धावत या, हेल्मेट घाला, बक्कल लावा, मग सायकलला हात लावा. हाच क्रम आणि यात बदल नाही. बक्कल लावण्याआधी सायकल स्टँडवरून काढली तर नियमानं दंड होतो, आणि परत आल्यावर सायकल स्टँडवर लागेपर्यंत बक्कल उघडायचं नाही. बदलाच्या जागेत सायकलवर बसायचं नाही. बाहेर जमिनीवर रेघ असते, तिच्या पलीकडे गेल्यावर बसायचं, आणि येताना रेघेच्या अलीकडेच उतरायचं. ही रेघ बघण्याच्या नादात लोक एकमेकांवर आदळतात, त्यामुळे रेघेवरच न थांबता दहा पावलं पुढे आणि कडेला जाऊन बसा.

सकाळी सायकल लावून झाली की एक काम आवर्जून करा: धावून येतो त्या तोंडाशी जा आणि तिथून आपल्या सायकलीपर्यंत चालत या. कितवी रांग, कुठल्या खांबाजवळ, ते मोजा. शेजारच्याची लाल सायकल ही खूण धरू नका, तुम्ही याल तेव्हा ती गेलेली असेल.

पॅडलमध्ये अडकवायचे क्लिपवाले सायकलचे बूट घ्यावेत का, असं पुढे विचाराल म्हणून आत्ताच सांगतो. यंदा नको. धावण्याच्याच बुटांवर, साध्या पॅडलवर चालवा. २० किमीत त्यानं थोडं नुकसान होतं हे खरं, पण दोनदा बूट बदलण्यात तुमच्यासारख्या नवख्याचा त्याहून जास्त वेळ जातो. नाड्यांच्या जागी लवचिक नाड्या घाला, म्हणजे सैल होऊन चेनमध्ये अडकायचीही भीती नाही. बिब नंबर, म्हणजे तुमच्या स्पर्धक क्रमांकाचा कागद, कमरेच्या पट्ट्याला लावा. सायकलवर मागे आणि धावताना पुढे फिरवायला बहुतेक ठिकाणी सांगतात, पट्टा असला की ते चालता चालता होतं. एवढ्यावर पहिला बदल दोन मिनिटांत आणि दुसरा दीड मिनिटात बसेल. जागा लांबलचक असेल तर थोडं जास्त.

ड्राफ्टिंगला मनाई असेल तर पुढच्या सायकलपासून किती अंतर ठेवायचं ते माहितीपत्रकात नीट वाचा. वर्ल्ड ट्रायथलॉन या खेळाच्या जागतिक संघटनेच्या नियमांत हौशी गटाला कमी पल्ल्यांसाठी १० मीटर आहे आणि त्या पट्ट्यात शिरलात तर २० सेकंदांत ओलांडून जायचं असतं. कानात इअरफोन चालत नाहीत. बाहेरच्या कुणाकडून पाण्याची बाटली किंवा मदत घेतलेली चालत नाही, भले तो सख्खा भाऊ असो.

दुसरी धाव

पंधरा-वीस मिनिटांहून जास्त वेळ सायकल चालवून उतरलं की पहिली काही मिनिटं पाय आपले वाटत नाहीत, हे बहुतेकांचं होतं. आघाडीच्या काही खेळाडूंचंही. कंबर दुमडलेल्या स्थितीत पाय गोल फिरत होते, आता सरळ उभं राहून वजन झेलायचंय. मेंदूकडून जाणाऱ्या हुकमांचा ताल बदलायला वेळ लागतो. सराव असेल तर हे पाच-सहा मिनिटांत निवळतं. नसेल तर अडीच किलोमीटर पुरत नाहीत.

त्यात एक गंमत अशी की सायकलच्या वेगाची नजरेला सवय झालेली असते. तुम्ही खरं तर ५:४० नं धावत असता आणि आपण रांगतोय असं वाटतं. मग माणूस घाबरतो, लांब टांगा टाकायला जातो आणि तिथेच पोटरीत गोळा येतो. उतरल्यावर पावलं मुद्दाम आखूड आणि भरभर टाका. छाती वर, नजर पंधरा-वीस मीटर पुढे. पहिल्या ५०० मीटरमध्ये घड्याळ बघायचंच नाही. एक किलोमीटर झाल्यावर मग जे शिल्लक असेल ते काढा.

पायात येणाऱ्या गोळ्यांबद्दल: लोक लगेच मिठाकडे धावतात. घाम फार जात असेल तर मिठाचा काही वाटा असू शकतो, पण स्पर्धेत शेवटी-शेवटी येणारे गोळे बऱ्याचदा सवयीपेक्षा जास्त राबवलेल्या स्नायूचे असतात. म्हणून ज्यांना सरावात येत नाहीत त्यांना स्पर्धेत येतात. आला तर थांबून पोटरी ताणा, तेच सगळ्यात लवकर लागू पडतं.

बारा आठवडे, सहा तास

सोमवार आणि शुक्रवार सुट्टी. मंगळवारी तासभर सायकल, त्यात जोराचे तुकडे: नीट अंग तापवून मग पाच मिनिटं जोरात, तीन मिनिटं सैल, असं चार वेळा. जोरात म्हणजे एक-दोन शब्दच बोलता येतील इतकं. महिन्याभरानं तेच दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करा, जोर किंचित कमी. बुधवारी ४५ मिनिटं हळू धाव. हळू म्हणजे गप्पा मारता येतील इतकी, आणि ती पाळणं धावणाऱ्यांना सगळ्यात अवघड जातं. गुरुवारी ५० मिनिटं धाव, मधली २० मिनिटं ५:२५-५:३० च्या वेगानं. हाच तुमचा पहिल्या धावेचा वेग आहे, तो श्वासात बसला पाहिजे. रविवारी पावणेदोन तास सायकल, आरामात.

शनिवार हा तुमचा खरा दिवस. या दिवशी एकाला एक जोडून सराव करायचा, ज्याला ब्रिक म्हणतात. पहिले चार आठवडे नुसतं ४० मिनिटं सायकल आणि उतरल्या उतरल्या दहा मिनिटं धाव. वेगाची फिकीर नाही, पायांना फक्त तो बदल ओळखीचा व्हायला हवा. पाचव्या आठवड्यापासून धाव-सायकल-धाव: २ किमी, ८ किमी, १ किमी, आणि मध्ये फार न थांबता तेच पुन्हा एकदा. यात स्पर्धेचा वेग वापरा. पहिल्या फेरीतला २ किमी जर तुम्ही ५:०५ नं मारलात तर दुसऱ्या फेरीतला शेवटचा किलोमीटर तुम्हाला तिथल्या तिथे हिशेब देईल. मी सांगून जे पटत नाही ते या सरावात दोन शनिवारांत पटतं. दहाव्या आठवड्यात ३-१५-२ असा एक तालमीचा दिवस, स्पर्धेच्याच कपड्यांत, त्याच बुटांत, हेल्मेट-बक्कलासकट.

चौथा आणि आठवा आठवडा हलका, एकतृतीयांश काम कमी. शेवटचे आठ-दहा दिवस सरावाचा वेळ निम्म्यावर आणा, पण जोराचे छोटे तुकडे ठेवा, नाहीतर पाय सुस्तावतात. जागा मिळेल तिथे आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली आणि एका पायावर उठबस. चाळिशीनंतर पोटऱ्या आणि टाचेमागची शीर हेच आपलं कच्चं दार असतं. दुखण्यामुळे चाल बदलत असेल, लंगडावं लागत असेल, तर त्या दिवशी धावायचं नाही. दमछाक आणि दुखणं यांतला फरक शरीर बरोबर सांगतं, आपणच ऐकत नाही.

एखादा आठवडा कामामुळे पूर्ण गेला तर पुढच्यात दुप्पट करून भरून काढू नका. गेला तो गेला. दोनच दिवस मिळाले तर शनिवारची ब्रिक आणि मंगळवारची सायकल ठेवा, बाकी सोडा.

खाणं, पाणी आणि स्पर्धेची सकाळ

दीड तासाच्या स्पर्धेसाठी खाण्याचा फार बाऊ करायची गरज नाही. आदल्या रात्री नेहमीचं जेवण, सकाळी सुरुवातीच्या दोन-तीन तास आधी पचायला हलकं आणि सवयीचं काहीतरी. सायकलवर एक बाटली. तासाला ३० ते ६० ग्रॅम साखर किंवा पिष्टमय पदार्थ पोटात गेले तर बरं, तेही सायकलच्या पहिल्या अर्ध्यात, म्हणजे उतरेपर्यंत पोट शांत होतं. जे सरावात घेतलं नाही ते त्या दिवशी घ्यायचं नाही. तहान लागेल तसं प्या. भीतीपोटी ढोसलेलं पाणी दुसऱ्या धावेत पोटात डुचमळतं.

अंग मात्र नीट तापवा. सुरुवातच धावेनं होते, त्यामुळे थंड अंगानं उभे राहिलात की पहिल्या किलोमीटरला शरीर दचकतं. दहा-बारा मिनिटं हळू धावा, शेवटी वीस-वीस सेकंदांचे तीनचार वेगाचे तुकडे. मग सुरुवातीच्या रेघेवर पहिल्या रांगेत न जाता मधल्या रांगेत उभे राहा. पुढे उभं राहिलं की घोळका ओढून नेतो, मागे उभे असलात तर निदान पहिले शंभर मीटर गर्दीच तुम्हाला आवरते.

ऊन कडक असेल तर २७:३० चा हट्ट सोडून श्वासाच्याच बोलीनं चाला. छातीत दडपण, चक्कर, हृदयाचे ठोके चुकल्यासारखं वाटलं तर थांबायचं आणि तिथल्या स्वयंसेवकाला सांगायचं, यात फुशारकीचा प्रश्न नाही. ताप येऊन गेला असेल तर त्या आठवड्याची स्पर्धा सोडून द्या. आणि वयाच्या ४१ व्या वर्षी हृदयाची तपासणी कधीच केली नसेल, किंवा घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर हा सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटून या.

आता हे सगळं जमलं असं धरून बेरीज करू. पहिली धाव २७:३०, पहिला बदल २:००, सायकल ४७:००, दुसरा बदल १:३०, दुसरी धाव किलोमीटरला ५:५० नं १४:३५. एकूण १ तास ३२ मिनिटं ३५ सेकंद. पावणेदहा मिनिटं कमी, आणि त्यात पहिली धाव तुम्ही आधीपेक्षा १ मिनिट २० सेकंद हळू धावलेले आहात. सायकल तीच जुनी आहे.

या शनिवारी ४० मिनिटं सायकल आणि दहा मिनिटं धाव एवढं करून बघा, सीटची उंची मात्र त्याआधी तपासा. उतरल्यावर पाय किती मिनिटांनी मोकळे झाले ते लिहून ठेवा आणि चार आठवड्यांनी मला तो आकडा आणि त्या दिवशीचा आकडा दोन्ही कळवा. गुरुवारच्या धावेचा वेग त्यावरून थोडा इकडेतिकडे करावा लागेल.